मॉन्टे कार्लो की रोलाँ गारोस? लाल मातीवरचं टेनिस एकदाच पाहायला जायचं असेल तर

"ताई, आयुष्यात एकदाच जाणार आहोत. मॉन्टे कार्लो की पॅरिस, एवढंच सांग."

नाशिकहून मावसभावाचा फोन आला तेव्हा मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्याची मुलगी तेरा वर्षांची. रोज सकाळी शाळेआधी कोर्टावर असते. बाबा, म्हणजे मावसभाऊ स्वतः, फारसे खेळत नाहीत, पण नदालचा एकही सामना चुकवला नाही असं अभिमानाने सांगतात. तिची आई बरोबर येणार, तिला समुद्र हवा. आणि आजी येणार की नाही ते अजून ठरायचं होतं. दोन्ही स्पर्धा मी प्रत्यक्ष पाहिल्या आहेत आणि दोन्हींवर माझा जीव आहे, त्यामुळे फोनवर 'हे घे' म्हणून एक नाव सांगणं जमेना. मग त्याला सविस्तर लिहून पाठवलं. तेच थोडं नीट करून इथे देते आहे, कारण हाच प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे.

मूळ फरक आधी सांगते. मॉन्टे कार्लो ही एका आठवड्याची, फक्त पुरुषांची, मास्टर्स १००० दर्जाची, म्हणजे ग्रँड स्लॅमच्या खालोखालची स्पर्धा. बहुतेक वर्षी एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होते. एकेरीत ५६ खेळाडू, सामने तीन सेटचे. रोलाँ गारोस, म्हणजे आपण जिला फ्रेंच ओपन म्हणतो ती पॅरिसची स्पर्धा, ग्रँड स्लॅम, टेनिसमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक. मे महिन्याच्या शेवटी सुरू होऊन जूनच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. पुरुष १२८, महिला १२८, शिवाय दुहेरी, मिश्र दुहेरी, ज्युनियर आणि व्हीलचेअर टेनिसही. पुरुषांचे सामने पाच सेटचे. एक गावची जत्रा, तर दुसरी पंढरीची वारी, इतका आकारात फरक आहे.

कोर्टावरून दिसणारा समुद्र

मॉन्टे कार्लोची स्पर्धा १८९७ पासून खेळली जाते. सुरुवातीच्या वर्षांत इंग्लंडच्या डोहर्टी बंधूंचं तिथे राज्य होतं. आज ती ज्या मॉन्टे कार्लो कंट्री क्लबमध्ये होते, तो क्लब १९२८ मध्ये उघडला. गंमत अशी की नाव मोनॅको या चिमुकल्या देशातल्या भागाचं असलं तरी क्लब मोनॅकोच्या हद्दीत नाहीच. लारव्होटोचा किनारा ओलांडून थोडं पुढे गेलं की फ्रान्स लागतो, आणि क्लब रोकब्रून-काप-मार्तां या फ्रेंच गावात आहे. हद्द कुठे बदलली ते चालताना कळतही नाही.

डोंगर सरळ समुद्रात उतरतो, आणि त्या उतारावर आपल्याकडे कोकणात भाताची खाचरं काढतात तशी पायरी-पायरीने कोर्टं काढली आहेत. वरच्या पायरीवर उभं राहिलं की खाली विटकरी रंगाचे चौकोन दिसतात, त्यापलीकडे झाडं आणि मग एकदम भूमध्य समुद्र. एवढा निळा रंग आणि एवढा तांबडा रंग शेजारी शेजारी मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. टीव्हीवर ते चित्र दरवर्षी दिसतं, पण वाऱ्याचा खारट वास आणि चेंडू रॅकेटवर बसल्याचा आवाज एकत्र आला की काय होतं, ते टीव्ही सांगू शकत नाही.

मुख्य कोर्टाला मोनॅकोचे प्रिन्स रेनिए तिसरे यांचं नाव आहे. तिथे सुमारे दहा हजार माणसं बसतात. पॅरिसच्या मुख्य कोर्टावर, फिलिप शात्रिएवर, सुमारे पंधरा हजार. आकड्यात हा फरक दीडपटीचा, पण डोळ्यांना जास्त जाणवतो. शात्रिएच्या अगदी वरच्या रांगेतून खेळाडूची हालचाल उत्तम दिसते, चेहरा दिसत नाही. मॉन्टे कार्लोत चेहराही दिसतो. दोन नंबरच्या कोर्टावर, म्हणजे कोर्ट दे प्रँसवर, तर खेळाडू स्वतःशी काय पुटपुटतोय तेही ऐकू येतं.

पॅरिसचं सौंदर्य वेगळं आहे. शहराच्या पश्चिमेला, बुलोन्याच्या जंगलाला लागून हे स्टेडियम आहे. तेही १९२८ सालचं, डेव्हिस कप जिंकलेल्या फ्रेंच संघाला घरच्या मैदानावर तो राखता यावा म्हणून बांधलेलं. तिथलं माझं सगळ्यात आवडतं कोर्ट शात्रिए नाही, सिमोन मात्यू आहे. २०१९ मध्ये उघडलेलं, पाच हजार प्रेक्षकांचं हे कोर्ट जुन्या वनस्पती उद्यानात आहे आणि त्याला चारही बाजूंनी काचघरांचा वेढा आहे. सामना चालू असताना काचेपलीकडे उष्ण प्रदेशातली झाडं उभी असतात. १९३८ आणि १९३९ ची विजेती असलेल्या खेळाडूचं नाव त्याला दिलं आहे. ज्यांना झाडापानांची आवड आहे त्यांनी दोन सामन्यांच्या मधल्या वेळात इथे एक चक्कर मारावीच.

जाता जाता आणखी एक गोष्ट. रोलाँ गारोस हा टेनिसपटू नव्हता, वैमानिक होता. २३ सप्टेंबर १९१३ रोजी तो न थांबता भूमध्य समुद्र ओलांडणारा पहिला माणूस ठरला, आणि त्याने उड्डाण केलं ते याच किनाऱ्यावरच्या, नीसच्या पश्चिमेला असलेल्या फ्रेझ्युसहून. पॅरिसच्या स्टेडियमचं नाव असं मॉन्टे कार्लोच्या समुद्राशी जोडलेलं आहे.

माती, जी माती नाही

लाल माती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोल्हापूरचा आखाडा येतो. ताक, तेल, हळद घालून मळलेली, अंगाला चिकटणारी मऊ माती. टेनिसची लाल माती तशी नसते. ती भाजलेल्या विटांची भुकटी असते. पॅरिसमध्ये तिचा थर अवघा एक-दोन मिलिमीटरचा असतो. त्याखाली पांढऱ्या चुनखडीचा दाबून बसवलेला थर, त्याखाली जळलेल्या कोळशाची खंगर, मग खडी आणि सगळ्यात खाली दगड. आपण ज्याला लाल कोर्ट म्हणतो ते खरं तर पांढरं कोर्ट आहे, वर विटेची पावडर भुरभुरलेलं. खेळाडू घसरत गेला की पावडर बाजूला होते आणि खालचा फिकट थर दिसतो. पाणी मारलं की रंग पुन्हा गडद होतो.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण, निर्णयाचा अर्धा भाग इथे आहे. चेंडू या पावडरीवर टप्पा घेतो तेव्हा कण त्याला धरून ठेवतात, त्याचा पुढे जाण्याचा वेग मरतो आणि तो वर उसळतो. गवतावर जी सर्व्हिस सरळ गुण देऊन जाते, ती इथे परत येते. मग गुण कमवावा लागतो. पंधरा-वीस फटक्यांच्या रॅली, कोपऱ्यातून कोपऱ्यात पळवणं, मधेच एक नाजूक ड्रॉप शॉट. जे मुलं-मुली स्वतः टेनिस शिकतात त्यांनी या कोर्टावरचा सामना प्रत्यक्ष पाहावा असं मला मनापासून वाटतं, कारण गुण कसा रचतात ते इथे दिसतं.

पण दोन्हीकडची माती सारखी वागत नाही. एप्रिलमध्ये मॉन्टे कार्लोत हवा गार असते, समुद्र शेजारी असल्याने दमट असते. दिवसाचं तापमान साधारण पंधरा-सोळा अंशांच्या आसपास. अशा हवेत चेंडू जड होतो, उसळी कमी घेतो, आणि फटक्यात जीव ओतावा लागतो. इथे ज्याच्या हातात मऊपणा आहे, जो चेंडूला वळवू शकतो, जाळ्याजवळ अलगद टाकू शकतो, तो उठून दिसतो. पॅरिसमध्ये मे-जूनच्या उन्हात दुपारी हाच चेंडू खांद्याच्या वर उसळतो. टॉपस्पिनचा जोरदार फोरहँड असलेल्यांची तिथे चंगळ असते. पाऊस पडला, किंवा रात्रीचं सत्र असलं, की पॅरिसही मंदावतं. तीन तासांत एकाच कोर्टाचा स्वभाव पालटताना मी पाहिला आहे, आणि खेळाडूंना आपला बेत कसा बदलावा लागतो हे पाहणं हा फार मोठा आनंद आहे.

पावसाचं म्हणाल तर पॅरिस सुरक्षित. शात्रिएवर २०२० पासून छप्पर आहे, सुझान लाँग्लेन या दुसऱ्या मोठ्या कोर्टावर २०२४ पासून. या दोन कोर्टांचं तिकीट असेल तर दिवस वाया जात नाही. मॉन्टे कार्लोत कोर्ट उघडं आहे. पाऊस आला की ताडपत्री ओढतात आणि आपण छत्री धरून वाट पाहतो.

धक्के कुठे बसतात

मावसभावाला नदाल म्हणजे देव, म्हणून त्याच्यापासून सुरू करते. मॉन्टे कार्लोत त्याने ११ वेळा बाजी मारली, त्यातली पहिली आठ २००५ ते २०१२ सलग. तिथे तो सलग ४६ सामने जिंकला होता. ती साखळी २०१३ च्या अंतिम सामन्यात जोकोविचने तोडली. पॅरिसमध्ये नदालची १४ विजेतेपदं. २०२५ मध्ये शात्रिएच्या कोर्टालगत त्याच्या पावलाचा ठसा असलेली पाटी बसवली आहे, आणि बाहेर त्याचा पोलादी पुतळा आहे. भक्ताला दर्शन घ्यायचं असेल तर ते पॅरिसमध्येच.

पण नदालचं युग बाजूला ठेवलं तर दोन ठिकाणांचं चित्र फार वेगळं दिसतं. मॉन्टे कार्लोचे अलीकडचे विजेते पाहा. २०१९ मध्ये फॉन्यिनी. २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये त्सित्सिपास. २०२३ मध्ये रुब्लेव्ह. यांपैकी एकालाही रोलाँ गारोस जिंकता आलेलं नाही. त्सित्सिपास २०२१ मध्ये अंतिम फेरीत पोहोचला, पहिले दोन सेट घेतले, आणि मग जोकोविचने पुढचे तिन्ही घेतले. पाच सेटचं टेनिस दुबळेपणा लपू देत नाही. दुसरीकडे फेडरर मॉन्टे कार्लोत चार वेळा अंतिम सामना खेळला आणि चारही हरला, पण पॅरिस त्याने २००९ मध्ये जिंकलं.

मॉन्टे कार्लोत मोठे खेळाडू लवकर हरतात, याला कारण आहे. मार्च महिनाभर सगळे अमेरिकेत हार्ड कोर्टवर खेळलेले असतात. तिथून येऊन आठ-दहा दिवसांत पाय मातीवर बसवायचे असतात. कधी घसरायचं, कधी थांबायचं, चेंडूपाशी अर्धं पाऊल आधी कसं पोहोचायचं, ही सवय आठवड्यात परत येत नाही. जोकोविचचंच पाहा. मोनॅको त्याच्या घरासारखं, सराव याच क्लबवर केलेला, तरी २०२१ मध्ये इव्हान्सकडून, २०२२ मध्ये दाविदोविच फोकिनाकडून, २०२३ मध्ये मुसेत्तीकडून आणि २०२५ मध्ये ताबिलोकडून तो सुरुवातीच्या फेऱ्यांतच हरला. मला हे अनिश्चितपण आवडतं. ज्यांनी हजारो रुपये खर्चून एकाच आवडत्या खेळाडूसाठी तिकीट काढलंय त्यांना मात्र ते महागात पडू शकतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. नऊ मास्टर्स १००० स्पर्धांपैकी फक्त मॉन्टे कार्लोत खेळणं खेळाडूंवर बंधनकारक नाही. बहुतेक जण येतात, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांची घरंच मोनॅकोत आहेत, पण एखादं मोठं नाव ऐन वेळी गळू शकतं. रोलाँ गारोसला दुखापतीशिवाय सहसा कोणी गैरहजर राहत नाही.

मोनॅकोचा स्वतःचा खेळाडू हे एक नवीन आकर्षण आहे. व्हॅलेंताँ वाशरो. २०२५ च्या ऑक्टोबरात शांघाय मास्टर्सला आला तेव्हा क्रमवारीत २०४ वा होता, पात्रता फेरीतून खेळला, उपांत्य फेरीत जोकोविचला आणि अंतिम सामन्यात स्वतःच्या मावसभावाला, आर्थर रिंडरक्नेशला हरवून विजेता झाला. त्याचा प्रशिक्षक त्याचा सावत्र भाऊ. कंट्री क्लब हे त्याचं घरचं मैदान. तो कोर्टावर उतरला की तिथल्या प्रेक्षकांचा आवाज कसा असेल याची कल्पना करा.

रेषेवरची खूण

टेनिस जवळून पाहणाऱ्यांसाठी हा फरक लहान नाही. मातीवर चेंडू खूण सोडतो. वर्षानुवर्षं प्रथा अशी की खेळाडूने हात वर केला, मुख्य पंच उंच खुर्चीवरून उतरले, कोर्ट ओलांडून गेले, वाकून खूण पाहिली आणि बोटाने गोल काढून निर्णय दिला. हे दृश्य मातीच्या टेनिसचं खास आहे.

२०२५ पासून एटीपीच्या, म्हणजे पुरुष टेनिसपटूंच्या जागतिक संघटनेच्या, स्पर्धांमध्ये रेषेचे निर्णय यंत्र देतं. म्हणजे मॉन्टे कार्लोत आता रेषापंच नाहीत आणि पंच खूण पाहायला उतरत नाहीत. त्याच वर्षी माद्रिदला झ्वेरेव्हला यंत्राचा निर्णय पटला नाही. त्याने बॅगेतून फोन काढून खुणेचा फोटो घेतला आणि त्याला ताकीद मिळाली. रोलाँ गारोसने मात्र रेषापंच ठेवले आहेत. फ्रेंच लोकांचा हा हट्ट मला योग्य वाटतो. चूक होते, वाद होतो, प्रेक्षक शिट्ट्या मारतात, पण माणूस वाकून माती पाहतो आणि निर्णय देतो, हे खेळाचाच भाग आहे. ज्यांना निर्णय अचूकच हवा त्यांचं मत वेगळं असेल.

कोणता दिवस निवडायचा

मॉन्टे कार्लोला गेलात तर अंतिम सामन्याच्या मागे लागू नका. गुरुवार घ्या. हे मी ठासून सांगते. पहिल्या आठ मानांकितांना पहिल्या फेरीत बाय असतो, म्हणजे ते दुसऱ्या फेरीपासून, साधारण मंगळवार-बुधवारी खेळायला उतरतात. गुरुवारी शेवटचे सोळा उरलेले असतात आणि एकेरीचे आठही सामने एकाच दिवशी होतात, मोजक्या दोन-तीन कोर्टांवर. सकाळी अकराला बसलात की संध्याकाळपर्यंत उठावंसं वाटत नाही. रविवारी एकच एकेरी सामना, आणि तोही एकतर्फी होऊ शकतो. २०२५ च्या अंतिम सामन्यात मुसेत्तीने पहिला सेट घेतला, पण त्याचा पाय दुखावला आणि अल्काराझने पुढचे दोन ६-१, ६-० असे घेतले. स्पर्धा संपली, पण पैसे वसूल झाले असं प्रत्येकाला वाटलं नसेल.

दोन दिवस मिळणार असतील तर बुधवार-गुरुवार. एकच दिवस आणि बजेट कमी असेल तर पात्रता फेरीचा शनिवार-रविवार. सरावाची कोर्टं पायऱ्यांवर असल्यामुळे वरच्या वाटेवरून बड्या खेळाडूंचा सराव अगदी समोर दिसतो. तेरा वर्षांच्या मुलीला सामन्यापेक्षा हाच वेळ जास्त शिकवून जाईल. प्रत्येक फटक्याआधी पाय किती वेळा हलतात ते मोजायला सांगा.

पॅरिसमध्ये हिशोब वेगळा. मुख्य स्पर्धेच्या पहिल्या रविवार, सोमवार, मंगळवारी पहिली फेरी असते. बाहेरच्या सगळ्या कोर्टांवर सकाळपासून सामने चालू. या दिवसांत शात्रिएच्या तिकिटासाठी जीव टाकू नका. बाहेरच्या कोर्टांचं तिकीट घ्या आणि फिरा. दुसऱ्या आठवड्यात बाहेरची कोर्टं रिकामी होत जातात, तेव्हा मात्र मोठ्या कोर्टाशिवाय मजा नाही.

आणि त्याही आधीचा आठवडा. पात्रता फेरीचा. तिकीट स्वस्त, गर्दी कमी, बड्या खेळाडूंचा सराव मोठ्या कोर्टांवर पाहता येतो. ज्यांचं नाव कोणाला माहीत नाही अशी मुलं मुख्य फेरीत शिरण्यासाठी जिवाच्या आकांताने खेळतात. शेवटच्या शनिवारी यानिक नोआच्या नावाने मुलांसाठी मदतीचा दिवस असतो. १९८३ मध्ये पॅरिस जिंकणारा तो फ्रान्सचा शेवटचा पुरुष विजेता. मुलांना घेऊन जाणाऱ्यांना मी डोळे मिटून हा आठवडा सुचवते.

रात्रीच्या सत्राबद्दल मनात एक सल आहे. २०२१ पासून शात्रिएवर रात्री एकच सामना होतो, त्याचं तिकीट वेगळं, आणि तो जवळजवळ नेहमी पुरुषांचा असतो. महिलांना ती जागा अगदी मोजक्या वेळा मिळाली आहे. टेनिस शिकणाऱ्या मुलीला घेऊन जाताना हे मला खटकतं. पण म्हणून पॅरिस कमी ठरत नाही, कारण मॉन्टे कार्लोत महिलांची स्पर्धाच नाही. दिवसा शात्रिए आणि लाँग्लेनवर जगातल्या सर्वोत्तम महिला खेळाडू पाहायला मिळतात, आणि मुलीला आपल्यासारखं कोणीतरी खेळताना दिसतं.

शाळा, व्हिसा, गाडी, जेवण

महाराष्ट्रात एप्रिलमध्ये शाळांच्या वार्षिक परीक्षा असतात. मॉन्टे कार्लो नेमकी त्यातच. पॅरिस मे महिन्याच्या सुट्टीत पडते, शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. शाळकरी मुलं बरोबर असतील तर इथेच बराचसा निर्णय होतो.

व्हिसा दोन्हीसाठी फ्रान्सचाच. मोनॅकोला वेगळा व्हिसा लागत नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि सुट्ट्यांच्या हंगामात भेटीची वेळ मिळायला वेळ लागतो, म्हणून तिकिटं हातात आली की लगेच अर्जाच्या मागे लागा.

मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. मॉन्टे कार्लोसाठी नीसला उतरायचं, म्हणजे मध्ये एकदा विमान बदलायचं. राहायचं मोनॅकोत नाही, तिथले दर आपल्याला पेलणारे नाहीत. नीसमध्ये राहा, किंवा पूर्वेला मांतोंमध्ये, जिथे लिंबाच्या बागा आहेत आणि इटलीची सीमा हाकेच्या अंतरावर आहे. नीसहून मोनॅकोला लोकल गाडीने साधारण पंचवीस मिनिटं. जाताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा. व्हिलफ्रांश, बोल्यू, एझ अशी गावं आणि मधेमधे बोगदे. बोगदा संपला की एकदम पाणी. आईला समुद्र हवा होता ना, तो इथे पोटभर मिळेल.

क्लबच्या पुढे किनाऱ्याने एक पायवाट काप-मार्तांकडे जाते. त्या वाटेवर वास्तुविशारद ल कोर्ब्युझिए यांची लाकडी झोपडी आहे, तीच युनेस्कोच्या २०१६ च्या जागतिक वारसा यादीत त्यांच्या चंदीगडच्या इमारतींबरोबर आहे. चंदीगड उभारणारा माणूस उन्हाळ्यात एवढ्याशा खोलीत राहायचा, हे पाहून मी बराच वेळ तिथे उभी होते. १९६५ मध्ये याच समुद्रात पोहताना त्यांचा मृत्यू झाला. स्पर्धेच्या दिवशी जमणार नाही, पण एक मोकळी सकाळ ठेवा.

आजीबद्दल प्रामाणिकपणे सांगते. कंट्री क्लब उतारावर आहे. पायऱ्या खूप, वाटा अरुंद, शनिवार-रविवारी गर्दी दाटते. गुडघे दुखत असतील तर कठीण. पॅरिसचं मैदान सपाट आहे, मेट्रोची दहा नंबरची गाडी पोर्त दोतयपर्यंत जाते आणि तिथून चालत थोडंसं अंतर. बसायला बाकं आहेत, मोठा पडदा लावलेली बाग आहे, तिथे बसूनही सामना पाहता येतो.

खाण्यात शाकाहाऱ्यांनी नीसला सोका शोधावा. हरभऱ्याच्या पिठाचं, तेलावर भाजलेलं, वर मिरपूड घातलेलं. आपल्या बेसनाच्या धिरड्याची सख्खी चुलत बहीण. मोनॅकोत बार्बाजुआं मिळतं, पालेभाजी आणि चीज भरलेली तळलेली करंजी म्हणा ना. त्यात अंडं आहे का ते विचारून घ्या. पॅरिसच्या स्टेडियममधलं खाणं मला विशेष आवडलं नाही, पण शहरात कसलीच कमी नाही.

तिकिटांबाबत एकच कळकळीची सूचना. रोलाँ गारोसची तिकिटं नावावर असतात आणि अधिकृत ॲपमध्ये फोनवर दिसतात. सर्वसामान्यांसाठी आधी नाव नोंदवून सोडतीतून खरेदीची वेळ मिळते. ती हुकली तर अधिकृत पुनर्विक्री आहे, तिथे रोज सकाळ-संध्याकाळ पाहत राहा. भलत्या संकेतस्थळावरून घेतलेलं तिकीट गेटवर चालत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला गेटवरून परत फिरावं लागलं, ते मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. मॉन्टे कार्लोचं तिकीट मिळवणं त्या मानाने सोपं, आठवड्याच्या मधल्या दिवसांचं तर नक्कीच.

आपली माणसं या मातीवर

भारतीय टेनिसच्या आठवणी दोन्हीकडे आहेत, पण पॅरिसकडे जास्त. १९९७ मध्ये महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरी जिंकली, तो ग्रँड स्लॅम जिंकणारा पहिला भारतीय. १९९९ मध्ये लिअँडर पेस आणि भूपतीने पुरुष दुहेरी जिंकली, २००१ मध्ये पुन्हा. मिश्र दुहेरी २०१२ मध्ये सानिया मिर्झा आणि भूपतीने जिंकली, २०१७ मध्ये रोहन बोपण्णा आणि कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीने. १९९९ च्या त्या जूनमध्ये आम्ही घरात सगळे टीव्हीसमोर बसलो होतो, आणि वडिलांनी दुसऱ्या दिवशी मला पहिली रॅकेट आणून दिली.

मॉन्टे कार्लोत बोपण्णाने २०१७ मध्ये उरुग्वेच्या पाब्लो क्वेव्हासबरोबर दुहेरी जिंकली. पण माझ्या मनात घर करून बसलाय तो २०२४ चा सुमित नागल. पात्रता फेरीचे दोन सामने जिंकून तो आत आला. १९८२ मधल्या रमेश कृष्णननंतर तिथे एकेरीच्या मुख्य फेरीत खेळणारा तो पहिला भारतीय. पहिला सेट गमावून त्याने इटलीच्या आर्नाल्दीला हरवलं. मातीवरच्या मास्टर्स स्पर्धेत एकेरीचा मुख्य फेरीतला सामना जिंकणारा पहिला भारतीय ठरला तो. मग दुसऱ्या फेरीत रुनेकडून हरला, पण तिसऱ्या सेटपर्यंत खेचून. पात्रता फेरीचं तिकीट स्वस्त असतं म्हणून मी वर सांगितलं, त्याबरोबर हेही लक्षात ठेवा की आपले एकेरीचे खेळाडू तिथे दिसण्याची शक्यता त्याच दिवसांत जास्त.

मग मावसभावाला मी काय सांगितलं? तू आणि मी दोघंच जाणार असतो तर मॉन्टे कार्लोचा बुधवार-गुरुवार. रॅली जवळून दिसते, खेळाडू सवयीसाठी झगडतात, कोणीही जिंकू शकतो, आणि मान वळवली की समुद्र. पण तुझ्याबरोबर लेक आहे, तिची परीक्षा आहे, आजीचे गुडघे आहेत, आणि लेकीला बायकांचं टेनिस पाहायला मिळालं पाहिजे. तू पॅरिस घे. पात्रता फेरीचे शेवटचे दोन दिवस आणि मुख्य फेरीचा सोमवार. नंतर गाडीने नीसला जा, तीन दिवस राहा, लेकीच्या आईला समुद्र दाखव, सोका खा.

त्याने तसंच ठरवलं आहे. लेकीने मात्र एक अट घातली. नीसहून एका सकाळी कंट्री क्लबच्या फाटकापर्यंत तरी जायचं, बाहेरून का होईना, त्या पायऱ्या बघायच्या.